माइकला सोल्डर, स्पीकरला थिंबल: ऑडिओ केबलचे जोड टिकाऊ कसे करावेत

गणपतीच्या आधी साऊंडवाल्यांकडे, भजनी मंडळांकडे आणि नाटकाच्या ग्रुपकडे एक काम ठरलेलं असतं. गेल्या वर्षीच्या केबल बाहेर काढायच्या, हलवून बघायच्या आणि खरखरणाऱ्या बाजूला टाकायच्या. बाजूला पडलेल्या त्या ढिगातल्या बहुतेक केबलची तार मधे कुठेही तुटलेली नसते. बिघाड असतो तो टोकाच्या दोन इंचांत, म्हणजे माणसाने हाताने केलेल्या जोडात.

जोड बिघडतात त्याची कारणंही तीच ती असतात. स्क्रूखाली सोल्डर लावलेली तार दाबलेली असते, पक्कडीने चेपलेलं थिंबल (तारेच्या टोकावर दाबून बसवायचं धातूचं टोक) असतं, नाहीतर एक्सएलआरमध्ये, म्हणजे माइकच्या तीन पिनांच्या कनेक्टरमध्ये, ताण बाहेरच्या आवरणावर न येता आतल्या नाजूक कोअरवर (वेष्टण असलेल्या आतल्या तारेवर) आलेला असतो. सोल्डर चांगलं की क्रिंप (तारेवर धातूची नळी दाबून केलेला जोड), यावर वाद घालत बसण्यापेक्षा हातातला कनेक्टर उघडून बघा. कोणती पद्धत वापरायची ते तो बनवतानाच ठरलेलं असतं. आपण ते पाळायचं आणि तयारी नीट करायची.

## टप्पा १: कनेक्टर उघडा आणि पद्धत ठरवा

आत तार बसायची जागा कशी आहे ते आधी पाहा.

खोलगट वाटी असेल तर सोल्डर. नेहमीचे एक्सएलआर (काही जण याला कॅनन म्हणतात), पाव इंची जॅक आणि आरसीए यांना वाटी किंवा भोकाची पट्टी असते. माइकच्या केबलमधली कोअर साधारण ०.२२ चौरस मिमीची, म्हणजे फार बारीक असते. तिच्यासाठी वाटीतलं सोल्डरच योग्य.

स्क्रू असेल तर उघडी तार किंवा फेरुल. स्पिकॉन (स्पीकरचा फिरवून बसणारा प्लग), अँप्लिफायरची टर्मिनल पट्टी, इन्स्टॉलेशनमधले हिरवे प्लग, शंभर व्होल्ट लाइनचे हॉर्न हे सगळे यात आले. फेरुल म्हणजे तारेच्या टोकावर क्रिंप करायची बारीक नळी.

बोल्ट किंवा चपटी पट्टी असेल तर थिंबल. स्पीकरच्या पेटीतले ड्रायव्हर, क्रॉसओव्हर, गाडीतला अँप्लिफायर इथे क्रिंपच करा. चपट्या पट्टीवर थेट सोल्डर करता येतं. पण मग ड्रायव्हर बदलायची वेळ आली की पुन्हा तापवावं लागतं, आणि जास्त तापवलं तर पट्टीपासून कोनकडे जाणारी लवचिक तार सुटू शकते. थिंबल नुसतं ओढून काढता येतं.

आरजे-४५ (नेटवर्क केबलचा प्लग) असेल तर फक्त क्रिंप. डिजिटल मिक्सरचा स्टेज बॉक्स याच केबलवर चालतो.

> सावधान: स्क्रूखाली जाणाऱ्या तारेला सोल्डर कधीही लावू नका. सोल्डर मऊ धातू आहे, सतत दाब पडला की तो हळूहळू सरकतो. आज कचकचीत आवळलेला स्क्रू काही महिन्यांनी सैल पडतो, जोड तापू लागतो आणि ऐन कार्यक्रमात एक बाजू बंद पडते. टोक नीटनेटकं दिसावं म्हणून सोल्डर लावायची सवय असेल, तर त्याजागी फेरुल वापरा.

## टप्पा २: साहित्य जमवा

पुण्यात तपकीर गल्ली, मुंबईत लॅमिंग्टन रोड. सामान सगळं मिळतं. फक्त काय मागायचं ते माहीत हवं.

सोल्डरसाठी ६०/४० किंवा ६३/३७ ची, आत रोझिन असलेली, ०.८ मिमीच्या आसपास जाडीची तार घ्या. ६३/३७ ची तार १८३ अंशांना एकदम वितळते आणि एकदम गोठते, त्यामुळे नवख्या हाताला सोपी जाते. शिसं नसलेल्या सोल्डरला २१७ अंशांच्या पुढे जावं लागतं आणि त्याचा जोड मुळातच थोडा निस्तेज दिसतो. तो पाहून जोड बिघडला असं समजू नका.

माइकच्या केबलला २५ वॉटची सोल्डरिंग आयर्न पुरते. जॅकच्या मोठ्या पट्टीला किंवा जाड तारेला ५० ते ६० वॉटची लागते. तापमान ठरवायची सोय असेल तर शिशाच्या सोल्डरला ३३० ते ३५० अंश ठेवा. टोक सुईसारखं नको, चपटं घ्या. सुईचं टोक वाटीला नीट टेकत नाही. उष्णता पोहोचत नाही म्हणून आपण जास्त वेळ धरून ठेवतो, आणि तोवर कोअरचं वेष्टण वितळतं.

क्रिंपसाठी रॅचेटवालं टूल घ्या. दाब पूर्ण झाल्याशिवाय ते सुटत नाही, आणि पैसे मोजायचे ते एवढ्यासाठीच. रंगीत वेष्टणाची थिंबलं, उघडी थिंबलं आणि फेरुल यांचे जबडे वेगवेगळे असतात. एकाच जबड्यात तिन्ही दाबायला जाऊ नका.

यांशिवाय तार सोलायचा स्ट्रिपर, धारदार कटर, हीट श्रिंक ट्यूब (गरम केली की आवळणारी नळी) आणि मल्टीमीटर लागेल.

> सावधान: पत्र्याच्या किंवा नळाच्या कामाची आम्लाची पेस्ट केबलला लावू नका. जोड लगेच लागतो, पण आम्ल आत राहून तांबं खातं. शिशाचं सोल्डर हाताळल्यावर काही खाण्याआधी साबणाने हात धुवा, आणि धूर तोंडावर येणार नाही असं बसा.

## टप्पा ३: एक्सएलआरसाठी तार तयार करणं

या कामात सगळ्यात जास्त वेळ इथे जातो, आणि तो जायलाच हवा. तयारी बरोबर झाली की प्रत्यक्ष सोल्डर काही सेकंदांचं काम आहे.

१. मागची टोपी आधी तारेत ओवा. बाहेरची नळी मागून चढणारी असेल तर तीही. तिन्ही जोड झाल्यावर टोपी टेबलावरच राहिलेली दिसली, की सगळं पुन्हा उघडावं लागतं.

२. बाहेरचं आवरण साधारण २० मिमी सोला. कटर पूर्ण खोल दाबू नका. गोल हलकी रेघ मारा आणि केबल तिथे वाकवा, आवरण आपोआप फाटतं. असं केलं की खालच्या शिल्डला, म्हणजे कोअरभोवतीच्या बारीक तारांच्या किंवा फॉइलच्या थराला, पातं लागत नाही.

३. शिल्ड मोकळं करा. गुंडाळलेलं शिल्ड उलट फिरवून निघतं. विणलेलं असेल तर टोकाकडून पिनेने थोडं थोडं उकला आणि सगळ्या बारीक तारा एका बाजूला घेऊन पीळ द्या. फॉइल असेल तर ते आवरणाच्या काठाशी कापा आणि सोबतची उघडी तार ठेवा. सुती दोरे मुळाशी कापून टाका.

४. पीळ दिलेल्या शिल्डवर बारीक स्लीव्ह चढवा. कनेक्टरच्या आत शिल्डची एक सुटी तार पिन २ ला टेकली तरी आवाज बिघडतो.

५. कोअर ३ ते ४ मिमीच सोला. वाटीची खोली तेवढीच असते. जास्त सोललं तर वाटीबाहेर उघडं तांबं राहतं.

गिटार किंवा कीबोर्डच्या एक कोअरच्या केबलमध्ये शिल्डच्या खाली बऱ्याचदा काळ्या प्लास्टिकचा एक पातळ थर असतो. तो वेष्टणाचाच भाग वाटतो, पण त्यातून वीज वाहते. तो मधल्या तारेच्या उघड्या भागापर्यंत तसाच राहिला तर आवाज दबतो किंवा बारीक होतो, आणि जोड कितीही वेळा नव्याने केला तरी दोष जात नाही. हा काळा थर शिल्डच्या मुळाशी सोलून काढाच.

चार कोअरची केबल असेल तर समोरासमोरच्या, म्हणजे एकाच रंगाच्या दोन कोअर एकत्र पिळा आणि एक तार समजून जोडा.

> तपासणी: सोललेल्या टोकावर बारीक तारा मोजून पाहा. एखाददुसरी जरी कापली गेली असेल तर टोक कापा आणि पुन्हा सोला.

## टप्पा ४: सोल्डर

१. कनेक्टर घट्ट बसवा. नराला वाइसमध्ये धरलेल्या जुन्या मादीत घुसवा, मादीत जुना नर. हातही मोकळे राहतात, आणि प्लास्टिक गरम होऊन मऊ पडलं तरी पिना जागच्या हलत नाहीत. स्वस्त कनेक्टरमध्ये पिना तिरक्या होण्याचं मुख्य कारण हेच असतं.

२. वाट्या वर तोंड करून ठेवा आणि सोल्डरने निम्म्या भरा. आयर्न वाटीच्या बाहेरच्या अंगाला टेकवा, सोल्डर आत सोडा.

३. तारांच्या टोकांना सोल्डरचा पातळ थर द्या. तारांचा पीळ सोल्डरमधूनही दिसला पाहिजे. गोळा झाला तर ते टोक वाटीत जाणार नाही. आयर्न वेष्टणापासून दूर धरा. सोल्डर तारांमधून वर चढत गेलं तर वेष्टणाखालची तार कडक होते, आणि पुढे कडक भाग जिथे संपतो तिथेच मोडते.

४. क्रम: १ शिल्ड, २ हॉट, ३ कोल्ड (हॉट आणि कोल्ड म्हणजे सिग्नलच्या सुलट आणि उलट अशा दोन कोअर). पिनांचे आकडे कनेक्टरवर छापलेले असतात. नर आणि मादी समोरासमोर आरशासारखे उलटे असतात, म्हणून जागा आठवून जोडू नका, दर वेळी आकडा वाचा. पाव इंची स्टिरिओ जॅकला हॉट टोकाला, कोल्ड मधल्या कड्याला आणि शिल्ड मागच्या पट्टीला येतं.

५. वाटी तापवा, सोल्डर वितळलं की तार आत सोडा, आयर्न काढा आणि हात स्थिर ठेवा. एका पिनेला दोन-तीन सेकंद पुरतात. आयर्न काढल्यावर तार तितकाच वेळ अजिबात हलवायची नाही. फुंकर मारू नका. गोठताना हललेला जोड वरून लागल्यासारखा दिसतो, पण आतून भेगाळलेला असतो. कार्यक्रमात खरखरतो तो हाच.

एका खेपेत नाही लागलं तर आयर्न तसंच टेकवून ठेवू नका. वाटी थंड होऊ द्या, ताजं सोल्डर घ्या आणि पुन्हा करा.

> तपासणी: शिशाचं सोल्डर चकचकीत आणि तारेच्या अंगाने उतरत आलेलं दिसलं पाहिजे. दाणेदार किंवा मण्यासारखं फुगलेलं असेल तर जोड परत करा. वेष्टण वाटीपासून फार तर १ मिमी मागे असावं.

पिन १ ते कनेक्टरचं धातूचं अंग अशी तार काही जण आत टाकतात. माइकच्या साध्या केबलला ती टाकू नका. असे दोन कनेक्टर जोडून केबल वाढवली आणि ते अंग स्टेजच्या लोखंडी सांगाड्याला टेकलं, की गुणगुण सुरू होते.

## टप्पा ५: ताण आवरणावर घ्या

सोल्डरचं काम वीज वाहून नेण्याचं. ओढ सोसायची ती कनेक्टरच्या पकडीने. केबलवर कुणाचा पाय पडला, माइक हिसकला गेला, की तो सगळा झटका बाहेरच्या आवरणावर थांबला पाहिजे.

म्हणून पकड बंद करण्याआधी बघा की तिचे दात आवरणावरच येतायत, सोललेल्या भागावर नाहीत. आत कोअरना किंचित सैलपणा हवा, आणि पिन १ ची तार इतरांपेक्षा थोडी लांब ठेवावी. जॅकमध्ये आवरणाभोवती वाकवायचे दोन पत्र्याचे पंख असतात. ते गोल वाकवून बसवा. पक्कडीने चिरडले तर आवरण कापून शिल्ड मधल्या तारेला भिडतं.

> तपासणी: एका हातात कनेक्टर, दुसऱ्यात केबल धरून चांगला ओढून बघा. आवरण एक मिमीसुद्धा सरकता कामा नये.

## टप्पा ६: स्पीकरच्या तारेला क्रिंप

इथे गणित वेगळं आहे. तार जाड, प्रवाह मोठा आणि धक्के सतत. ८ ओहमच्या स्पीकरला १००० वॉट जातात तेव्हा तारेवर जवळपास ९० व्होल्ट असतात. अँप्लिफायर बंद करूनच हात लावा.

१. तार, थिंबल आणि जबडा एकाच मापाचे घ्या. रंगीत वेष्टणाच्या थिंबलात लाल ०.५ ते १.५ चौरस मिमीसाठी, निळं १.५ ते २.५ साठी आणि पिवळं ४ ते ६ साठी असतं. टूलवरच्या खाचांना तेच रंग असतात. फेरुलच्या रंगांच्या मात्र एकाहून जास्त पद्धती आहेत, तिथे पाकिटावरचा आकडा वाचा. बारीक तार दुमडून मोठ्या थिंबलात भरायची युक्ती सगळीकडे चालते आणि सगळीकडे फसते, कारण आत हवा राहते.

२. नळीच्या लांबीइतकंच सोला. टोक नळीतून पलीकडे अर्धा ते एक मिमी डोकावलं पाहिजे. तारांना मूळचा पीळ असतो तेवढाच ठेवा. सोल्डर नको, तेल नको.

३. सगळ्या तारा नळीत गेल्या का ते बघून दाबा. रॅचेट स्वतःहून सुटेपर्यंत दाबत राहा. नीट दाबलेल्या क्रिंपमध्ये तारा आणि नळी इतक्या घट्ट मिळतात की मधे हवेला जागा उरत नाही, म्हणून आत तांबं काळं पडत नाही. वेष्टण नसलेलं, सांधा दिसणारं थिंबल असेल तर जबड्याचा उंचवटा सांध्याच्या विरुद्ध बाजूला आणा, नाहीतर दाबताना सांधा उघडतो.

४. ओढून बघा. २.५ चौरस मिमीच्या तारेवरचं थिंबल हाताने जोर लावून ओढलं तर निघायला नको. निघालं तर जोडताना निघालं हे बरंच झालं. तार कापा आणि नवीन थिंबल घ्या. एकदा दाबलेलं थिंबल पुन्हा वापरायचं नाही.

५. उघड्या थिंबलावर हीट श्रिंक चढवा. ट्यूब दाबण्याआधी ओवायची, टोपीसारखीच.

> सावधान: पक्कडीने चेपलेलं थिंबल म्हणजे क्रिंप नव्हे. आणि क्रिंप केल्यावर वरून सोल्डर ओतू नका. चांगल्या क्रिंपला त्याची गरज नसते, वाईट क्रिंप त्याने सुधारत नाही. उलट सोल्डर तारांत चढून मागचा भाग कडक होतो आणि पेटीच्या थरथरीने तार तिथे तुटते.

स्पिकॉनला टोपी आणि पकड आधी ओवा, तारा साधारण ८ मिमी सोला, उघड्या किंवा फेरुलसकट आत घाला आणि स्क्रूला बरोबर बसणाऱ्या स्क्रूड्रायव्हरने आवळा. साध्या स्पीकरला १+ आणि १−. तारा आत घातल्यावर वेष्टण स्क्रूखाली गेलं नाही ना, हे ओढायच्या आधी डोळ्यांनी बघा.

तारेची जाडी जोडाइतकीच महत्त्वाची. १० मीटरच्या केबलला जाऊन-येऊन २० मीटर तांबं लागतं. १ चौरस मिमीला त्याचा रोध साधारण ०.३४ ओहम होतो, २.५ ला ०.१४. रोध जितका कमी तितकी जास्त ताकद स्पीकरपर्यंत पोहोचते.

## आरजे-४५ बद्दल थोडक्यात

घन तारेचे आणि बारीक तारांचे प्लग वेगळे असतात, विकत घेतानाच विचारा. दोन्ही टोकांना एकच क्रम ठेवा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. आवरण प्लगच्या आत, दाबपट्टीखाली गेलं पाहिजे. स्टेजवर गुंडाळायच्या केबलला बारीक तारांचीच केबल घ्या.

## टप्पा ७: मल्टीमीटरने तपासणी

१. बीपवर विसंबू नका. बरेच मीटर दहा-वीस ओहम रोध असतानाही वाजतात, म्हणजे अर्धा लागलेला जोडही पास होतो. २०० ओहमची रेंज लावा. आधी दोन्ही प्रोब एकमेकांना टेकवून आकडा बघा आणि तो वजा करा.

२. माइकची केबल: १ ते १, २ ते २, ३ ते ३. ०.२२ चौरस मिमीच्या कोअरला १० मीटरला साधारण ०.८ ओहम यायला हवा. २ आणि ३ चे आकडे जवळपास सारखे हवेत. एकाचा दोन ओहमने जास्त आला तर त्या पिनेचा जोड उघडा.

३. उलट तपासणी. १-२, २-३, १-३ आणि प्रत्येक पिन ते धातूचं अंग, कुठेही जोड दिसता कामा नये.

४. आकडा बघत बघत केबल टोकापाशी वाकवा. आकडा उडाला तर दोष त्याच टोकाला आहे.

मीटर नसेल तर कानाने अंदाज येतो. डायनॅमिक माइक गुणगुणतोय आणि ४८ व्होल्ट लावूनही कंडेन्सर माइक मुका आहे, तर शिल्ड सुटलंय. फॅन्टम पॉवर, म्हणजे मिक्सरने माइकला दिलेले हे ४८ व्होल्ट, शिल्डवरूनच परत येते. एकटा माइक छान वाजतोय पण दुसऱ्याबरोबर ठेवला की आवाज पोकळ होतो, तर एका टोकाला २ आणि ३ उलटे लागलेत.

## जुना जोड दुरुस्त करताना

सुटलेल्या जागी नुसतं सोल्डर टाकून पुढे जाऊ नका. टोक दोन-तीन सेंटिमीटर कापा आणि टप्पा ३ पासून करा. कनेक्टर चांगला असेल तर वाटीतलं जुनं सोल्डर पंपाने ओढून घ्या आणि ताजं भरा.

कोकणात आणि गोव्यात किनाऱ्याजवळ वापरलेल्या केबलमध्ये तांबं हिरवट किंवा काळं पडलेलं सापडतं. त्यावर सोल्डर पसरत नाही आणि क्रिंपही नीट धरत नाही. घासत बसू नका, चकचकीत तांबं दिसेपर्यंत थोडं थोडं कापत जा. अर्धा मीटर कापूनही काळंच निघत असेल तर ओल आवरणाच्या आत दूरवर गेली आहे. त्या केबलला नवीन कनेक्टर लावू नका, जुने काढून घ्या आणि चांगल्या तारेवर चढवा.